जाक केरचा वाडा: किती जुना, किती नवा?

प्रश्न असा आला आहे: "पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्सला जातोय. वाटेत बूर्जला थांबून जाक केरचा वाडा बघायचा आहे. एक मित्र म्हणतो, ते सगळं विसाव्या शतकात नव्याने केलेलं आहे, जुनं काही उरलेलं नाही. दुसरा म्हणतो, ज्याने बांधला तो त्यात एक रात्रसुद्धा राहिला नाही. खरं काय? आणि बघताना नेमकं काय बघावं?"

तुमचे दोन्ही मित्र अर्धे-अर्धे बरोबर आहेत. दगडी सांगाडा, घराची मांडणी, जिन्यांचे मनोरे आणि चौकातलं बरंचसं कोरीवकाम १५ व्या शतकातलं आहे. आतल्या शेकोट्या, भिंतींच्या कडा, छतं, रंग यांत १९ व्या आणि २० व्या शतकाचा हात जागोजागी दिसतो. मालकाचं म्हणाल, म्हणजे राजाला माल पुरवणारा बडा व्यापारी जाक केर याचं, तर तो तिथे राहिला असेल तर पाहुण्यासारखा, येता-जाता. बांधकाम १४४३ च्या सुमारास सुरू झालं आणि ३१ जुलै १४५१ ला त्याला अटक झाली. पुढे तो घरी परतलाच नाही.

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करतो. दगडी आणि लाकडी घरांत बरीच वर्षं गेली. या वाड्यात चार-पाच वेळा जाऊन आलोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा फ्रान्समध्ये शिकत होतो. मोठ्या दालनातल्या भव्य शेकोटीसमोर अर्धा तास बसून तिचं रेखाचित्र काढलं आणि मोठ्या अभिमानाने गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, "छान. ही शेकोटी माझ्या वडिलांपेक्षा लहान आहे." जुन्या अवशेषांच्या आधाराने ती २० व्या शतकात पुन्हा उभारलेली आहे. तेव्हापासून कुठल्याही जुन्या घरात मी सगळ्यात देखणी वस्तू सगळ्यात शेवटी बघतो.

आधी शब्दांचं बघू. बाहेरच्या पाटीवर 'पॅले', म्हणजे राजवाडा, असं लिहिलेलं असतं. हे नाव नंतरचं. बांधला तेव्हा लोक त्याला 'ग्रांमेझाँ', थोरलं घर, म्हणत. शहरातल्या अशा घराला फ्रेंचमध्ये 'ओतेल' म्हणतात. त्याचा राहण्या-जेवण्याच्या हॉटेलशी संबंध नाही. रस्त्याला लागून देवडी, आत चौक, चौकाभोवती घर, मागे खाजगी भाग, वर माळे. मराठी माणसाला हे समजावून सांगायला 'वाडा' हा एक शब्द पुरतो. 'केर' या आडनावाने मात्र दचकू नका. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हृदय. आणि बूर्ज या नावाचा आपल्या बुरुजाशी काही संबंध नाही. बितुरिज नावाच्या गॉल टोळीवरून ते आलं. गंमत एवढीच की या वाड्याची खरी गोष्ट बुरुजांपासूनच सुरू होते.

म्हणून माझा पहिला सल्ला: तिकीट काढण्याआधी वाड्याच्या मागच्या बाजूला, खालच्या चौकात उतरा. तिथून वर बघितलं तर समोर घर दिसत नाही, किल्ला दिसतो. उंच भिंत, तिच्यात गोल बुरूज, खिडक्या मोजक्या. हे रोमन काळाच्या अखेरीस शहराभोवती घातलेल्या तटबंदीचे अवशेष आहेत. बूर्जचं रोमन नाव आव्हारिकम. सीझरने इ. स. पू. ५२ मध्ये वेढा घालून ते घेतलं होतं. तट त्याच्या कितीतरी नंतरचा, साम्राज्याला बाहेरून धक्के बसू लागले तेव्हाचा. जाकने १४४३ मध्ये ही जागा १,२०० एकूंना घेतली (एकू हे सोन्याचं नाणं) आणि तटासकट घेतली. तट पाडून सपाट जागेवर चौरस घर बांधणं त्याला परवडलं असतं. त्याने तट हेच जोतं मानलं आणि त्यातले बुरूज घराच्या खोल्यांत सामावून घेतले.

घराच्या वाकड्या-तिकड्या आकाराचं कारण हे. आत चौकात उभं राहिलात की लक्षात येईल की एकही कोपरा धड काटकोनात नाही. एक बाजू रस्त्याने ठरवली, समोरची तटाने, आणि मधल्या उरलेल्या जागेत घर बसवलं. 'मध्ययुगीन कारागिराला सरळ रेषा जमत नसे' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. त्याच काळात हेच गवंडी कॅथेड्रलवर केसभर चूक न करता काम करत होते. जागा वाकडी होती, म्हणून घर वाकडं. पुण्या-नाशकातल्या पेठांमध्ये काम केलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता मालक. जाकचा जन्म १४०० च्या आगेमागे, बूर्जमध्येच. वडील केसाळ कातड्यांचे व्यापारी. तेव्हा बेरीचा ड्यूक जाँ याचा दरबार बूर्जमध्ये होता आणि अशा मालाला गिऱ्हाइकांची कमतरता नव्हती. ड्यूक १४१६ मध्ये वारला. पुढे इंग्रजांनी उत्तर फ्रान्स व्यापला आणि १४२२ मध्ये गादीवर आलेल्या सातव्या शार्लला पॅरिस सोडून याच भागात आश्रय घ्यावा लागला. शत्रू त्याला कुचेष्टेने 'बूर्जचा राजा' म्हणत. म्हणजे जाक ज्या गावात वाढला त्या गावात राजाच चालत आला होता. जाकने लग्नही हुशारीने केलं: मॅसे द लेओदपार ही शहराच्या प्रोव्होची, म्हणजे राजाच्या शहर-अधिकाऱ्याची मुलगी.

त्याच्या कारकिर्दीची सुरुवात फारशी स्वच्छ नाही. टांकसाळीच्या धंद्यात भागीदारी असताना ठरल्यापेक्षा हिणकस नाणी पाडल्याचा ठपका आला आणि १४२९ मध्ये दंड भरून त्याने माफी मिळवली. १४३२ मध्ये तो नार्बोनहून निघालेल्या गलबतावरून पूर्वेला गेला. त्याच वर्षी दमास्कसमध्ये त्याला पाहिल्याचं एका बर्गंडियन प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. परतताना कॉर्सिकाजवळ जहाज फुटलं. गेला तसा हात हलवत परत आला, पण पूर्वेचा व्यापार कसा चालतो हे बघून आला. पुढे त्याच्या स्वतःच्या चार गॅली, म्हणजे वल्ह्या-शिडांची जहाजं, झाल्या. इकडून कापड, तांबं, चांदी जायची. तिकडून अलेक्झांड्रिया-बैरुतच्या बाजारातून रेशीम, साखर, मिरी, आलं यायचं. त्यातली मिरी आपल्याच पश्चिम किनाऱ्याची, मलबारची. तांबड्या समुद्रातून ती इजिप्तला पोहोचायची आणि तिथे सुलतानाची जकात भरून भूमध्य समुद्रात शिरायची. या वाड्याच्या दगडांत मलबारच्या मिऱ्यांचा थोडा पैसा आहे असं मी म्हणतो, आणि ते अतिशयोक्त नाही.

शार्लने त्याला 'आर्जांतिए' केलं. भाषांतर करताना याचा 'अर्थमंत्री' होतो, तो चूक आहे. राजाच्या घरची कापडं, दागिने, भांडी, मसाले पुरवणारा माणूस, म्हणजे आपल्याकडच्या जामदारखान्याचा प्रमुख. यातली ग्यानबाची मेख अशी की सरकारतर्फे विकत घेणारा जाक आणि माल विकणारा व्यापारीही जाकच. शिवाय दरबारातले सरदार त्याच्याकडून उधारीवर माल नेत. १४४१ मध्ये त्याला सरदारकी मिळाली आणि दोन वर्षांनी त्याने ही जागा घेतली. सरदारकी ताजी, त्यामुळे घर दणदणीत हवं. बांधायला सुमारे एक लाख एकू लागले असं त्या काळी बोललं जायचं.

हे डोक्यात ठेवून रस्त्याच्या बाजूला या. मागे किल्ला, पुढे दगडाची जरीपट्टी. ही गॉथिक शैलीची शेवटची, ज्वाळांसारखी वळणं घेणारी पद्धत. दगडातली जाळी बघताना आगीच्या जिभा आठवतात. मधोमध देवडीचा मनोरा. खाली मोठा दरवाजा घोडागाडीसाठी आणि शेजारी माणसांसाठी छोटा. मोठ्या दरवाजावरच्या छत्रीदार कोनाड्यात पूर्वी घोड्यावर बसलेल्या सातव्या शार्लचा पुतळा होता. क्रांतीच्या धामधुमीत, १७९२ मध्ये, तो फोडला गेला. कोनाडा आज रिकामा आहे आणि रिकामाच ठेवला, हे मला फार आवडतं. आतल्या, चौकाकडच्या कोनाड्यात मालकाचा पुतळा असावा असं मानतात. म्हणजे रस्त्याला राजा, घरात मी. जागा नीट वाटून घेतल्या होत्या.

रिकाम्या कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोट्या खिडक्या आहेत. एकीतून दगडी पुरुष, दुसरीतून दगडी बाई रस्त्याकडे डोकावतात. ती मालक-मालकीण आहेत, की धनी कधी येतो याची वाट बघणारे नोकर, यावर वाद आहे. वाटाडे हमखास दुसरी गोष्ट सांगतात, कारण धनी आलाच नाही. गोष्ट सुंदर आहे, फक्त एवढं लक्षात घ्या की खिडक्या कोरल्या तेव्हा धनी सुखरूप होता आणि त्याला काही होईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझं मत विचाराल तर ही शुद्ध थट्टा आहे. रस्त्यावरचे लोक घराकडे टकमक बघणार, तर घरानेही त्यांच्याकडे बघावं.

सगळीकडे हृदय आणि शिंपला कोरलेला दिसेल. हृदय हे आडनाव, शिंपला हे संत जाकचं चिन्ह, म्हणजे पहिलं नाव. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला जाणारे हा शिंपला अंगावर लावत. दोन चिन्हं मिळून पूर्ण सही. कठड्याच्या दगडी जाळीत बोधवाक्य आहे, "आ व्हायाँ केर रियें एंपोसिब्ल": शूर हृदयांना अशक्य काही नाही. यातही आडनावावर कोटी आहे. मालकाचं दुसरं एक ब्रीद मला जास्त खरं वाटतं: बोलणं, करणं, गप्प बसणं. सावकाराचं ब्रीद याहून नेमकं काय असणार?

चौकात आलात की लगेच आत जाऊ नका. इथलं सगळ्यात सुरेख काम दरवाजांवर आहे आणि लोक त्याच्या खालून घाईने निघून जातात. घरात एकच मोठा जिना नाही. वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे जिने आहेत आणि कुठला जिना कुठे जातो हे दारावरच्या शिल्पात सांगितलेलं आहे. मुदपाकखान्याकडच्या दारावर स्वयंपाक चालू आहे: कोणी कांडतंय, कोणी मांस भाजायची सळई फिरवतंय. प्रार्थनाघराच्या दारावर पूजेची तयारी. आणखी एका ठिकाणी खजुरासारखी पूर्वेकडची झाडं आहेत, गॅलींची आठवण करून देणारी. वाचता न येणारा नोकरही चुकणार नाही अशी ही व्यवस्था होती. नव्या कार्यालयीन इमारतींत बाणांच्या पाट्या शोधत फिरताना मला हे दरवाजे आठवतात.

आतली मांडणी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो. त्या काळच्या बहुतेक मोठ्या घरांत खोलीतून खोलीत जावं लागे. झोपायच्या खोलीतूनच वाढपी जायचे. इथे तसं कमी आहे. मुदपाकखाना आणि जेवणाचं दालन यांच्यामध्ये वेगळी वाट आहे, त्यामुळे धूर, वास आणि आरडाओरडा पाहुण्यांपर्यंत पोहोचत नसे. दालनात वर वाजंत्र्यांसाठी सज्जा आहे. त्याशिवाय घरात वाफेचं न्हाणीघर आहे: शेजारच्या खोलीत पाणी तापवायचं आणि गरम हवा न्हाणीत सोडायची. आपल्या बंबाचा थोरला भाऊच म्हणा. शौचकूपही घरातच, आणि त्यांची मांडणी बघण्यासारखी आहे. वाटाडे इथे दोन मिनिटं हसतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबा. घर बांधणाऱ्याचं डोकं दिवाणखान्यात कळत नाही, पाणी कुठून येतं आणि घाण कुठे जाते यात कळतं.

वरच्या मजल्यावरची लांबलचक लाकडी छतं उलट्या नावेच्या तळासारखी दिसतात. "जहाजांचा मालक, म्हणून जहाजासारखं छत" असं तुम्हाला सांगितलं जाईल. मान हलवा, पण विश्वास ठेवू नका. असं छत त्या काळी फ्रान्समधल्या सुतारांचं नेहमीचं काम होतं. समुद्र न पाहिलेल्या गावांतल्या देवळांवर आणि इस्पितळांवरही ते आहे. जहाज बघायचंच असेल तर घरात गॅलीचं कोरलेलं चित्र आहे, ते बघा. शिडं, दोर, वल्ही, सगळं जागच्या जागी. कोरणाऱ्याने जहाज पाहिलेलं होतं, किंवा पाहिलेल्या माणसाने त्याच्या डोक्यावर उभं राहून कोरून घेतलं. एका शेकोटीवर शेतकरी गाढवांवर बसून सरदारांसारखी भाल्यांची झुंज खेळतायत, तेही चुकवू नका. सरदारकी मिळून उणीपुरी दहा वर्षं झालेल्या माणसाच्या घरात सरदारांच्या खेळाची ही टिंगल!

प्रार्थनाघर देवडीच्या बरोबर वर आहे. निळ्या छतावर सोनेरी तारे आणि शुभ्र कपड्यांतले देवदूत, हातांत अक्षरांच्या पट्ट्या. दोन बाजूंना नवरा-बायकोसाठी दोन छोटे कक्ष, प्रत्येकात स्वतंत्र शेकोटी. देवाच्या दारातही पाय गारठू द्यायचे नाहीत. चेहरे मुळात अतिशय नाजूक आहेत, पण १९ व्या शतकात ते नव्याने रंगवून दुरुस्त केले गेले. तेव्हा रेषा जुनी, रंगाचा ताजेपणा नंतरचा, असं समजून बघा.

शेवटी मनोऱ्यातली लोखंडी दाराची खोली, जिला खजिन्याची खोली म्हणतात. तिथे छताच्या आधाराला एक छोटं शिल्प आहे: तळ्याकाठी एक पुरुष, एक बाई आणि झाडात लपलेला मुकुटधारी. जुने वाटाडे सांगायचे की हा जाक, ही राजाची आवडती आन्येस सोरेल, आणि झाडात राजा. काहीतरीच. ही त्रिस्तान आणि इझोल्डची कथा आहे, मध्ययुगातली प्रसिद्ध प्रेमकथा. झाडात इझोल्डचा नवरा मार्क राजा लपलाय आणि त्याचं प्रतिबिंब पाण्यात दिसल्यामुळे प्रेमिक सावध होतात. त्या काळच्या युरोपात हे दृश्य हस्तिदंती पेट्यांवरही असायचं. पण आन्येसचं नाव तिथे चिकटलं याला कारण आहे.

आन्येस सोरेल फेब्रुवारी १४५० मध्ये नॉर्मंडीत वारली. नॉर्मंडी इंग्रजांकडून परत घेण्याची ती मोहीम मुख्यतः जाकच्या पैशावर चालली होती. रुआँ शहरात राजा विजयी मिरवणुकीने शिरला तेव्हा जाक सोबत घोड्यावर होता. सप्टेंबर १४५० मध्ये त्याचा मुलगा जाँ बूर्जच्या आर्चबिशपच्या आसनावर बसला. यश याहून वर काय जाणार? पुढच्या उन्हाळ्यात जान द व्हाँदोम नावाच्या बाईने आरोप केला की जाकने आन्येसला विष घातलं. ही बाई स्वतः त्याची कर्जदार होती. आरोप टिकला नाही आणि तिलाच शिक्षा झाली. पण तोवर जाक आत गेला होता, आणि आत गेलेल्या माणसावर नवे आरोप सापडायला वेळ लागत नाही: मुसलमानांना शस्त्रं विकली, अलेक्झांड्रियात त्याच्या गॅलीवर आश्रयाला आलेल्या ख्रिस्ती गुलामाला मालकाकडे परत पाठवलं, वल्ही मारायला माणसं वेठीला धरली, वसुलीत पैसे खाल्ले. यातले काही खरे असावेत. चौकशी करणाऱ्यांत आणि नंतर मालमत्ता घेणाऱ्यांत त्याचे शत्रू आणि कर्जदार होते, हेही तितकंच खरं. त्यांतल्या आंत्वान द शाबानला पुढे साँ-फार्जोची जहागीर मिळाली. ती जाकनेच नुकती विकत घेतली होती.

(विषाबद्दल एक पुस्ती. २००५ मध्ये आन्येसच्या अवशेषांची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा पाऱ्याचं प्रमाण प्रचंड आढळलं. पारा तेव्हा औषध म्हणूनही देत, त्यामुळे त्यावरून कोणाचा गुन्हा सिद्ध होत नाही.)

निकाल लागला २९ मे १४५३ ला. त्याच दिवशी तिकडे कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं. फाशी टळली, चार लाख एकू भरायचे, सगळी मालमत्ता जप्त, जाहीर माफी. मॅसे त्याआधीच वारली होती. १४५४ मध्ये जाक कैदेतून निसटला, बोकेरच्या मठात लपला, आपल्याच माणसांच्या मदतीने ऱ्होन नदी ओलांडून प्रोव्हाँसमध्ये आणि तिथून रोमला पोहोचला. पोपने तुर्कांविरुद्ध पाठवलेल्या आरमाराबरोबर तो गेला आणि नोव्हेंबर १४५६ मध्ये खिओस बेटावर मेला. म्हणजे शेवटही समुद्रावरच.

आता आमच्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. सरकारी वकील जाँ दोव्हे याने १४५३ पासून चार वर्षं जाकची मालमत्ता शोधून, मोजून विकली आणि दररोजची नोंद ठेवली. गालिचे, भांडी, कापडाचे तागे, उधारीचे कागद, सगळं. ही रोजनिशी टिकली आहे. सुखात नांदलेल्या घरांची अशी यादी कोणी करत नाही. या घराविषयी आपल्याला इतकं माहीत आहे ते मालक बुडाला म्हणून. "आतमध्ये फर्निचर का नाही?" असं प्रत्येक पर्यटक विचारतो. उत्तर हे आहे: ते १४५३ नंतर लिलावात गेलं. घर ओकंबोकं दिसतं, तेच खरं आहे. हौसेने नकली पलंग आणून मांडले नाहीत, हे शहाणपण म्हणायचं.

१४५७ मध्ये राजाने न विकलेली मालमत्ता मुलांना परत दिली, त्यात वाडा आला. १५०१ मध्ये नातवाने तो विकला. पुढे तो लोबेस्पिन घराण्याकडे गेला, १६७९ मध्ये चौदाव्या लुईच्या मंत्र्याने, कोलबेरने, घेतला आणि १६८२ मध्ये शहराच्या हवाली केला. तेव्हापासून नगरपालिका आणि कोर्टकचेरी. या अडीचशे वर्षांना सगळे नावं ठेवतात, कारण कचेऱ्यांनी दालनांत आडव्या-उभ्या भिंती घातल्या, प्रार्थनाघराला मध्ये माळा घालून वरखाली दोन खोल्या केल्या, शेकोट्या काढल्या. मीही तरुणपणी नावं ठेवली. आता ठेवत नाही. ज्या इमारतीत रोज माणसं येतात, तिचं छप्पर गळलं की तक्रार होते आणि कोणीतरी कौल बदलतं. निवांत सोडलेल्या घराचं छप्पर गळलं तर कोणाला कळत नाही, आणि दहा पावसाळ्यांत तुळया कुजतात. बेरीच्या ड्यूकचा याच गावातला थोरला राजवाडा अशा नशिबाचा निघाला नाही. मुनशींनी दालनं विद्रूप केली, पण दगड वाचवला. प्रार्थनाघरातले देवदूत त्या माळ्याच्या वर, फायलींच्या सोबतीने राहिले.

१८४० मध्ये फ्रान्सने संरक्षित स्मारकांची पहिली यादी केली, तीत हा वाडा आहे. कोर्ट मात्र हललं नाही. शेवटी १९२३ मध्ये सरकारने इमारत विकत घेतली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून दहाएक वर्षं मोठं काम चाललं. कचेरीच्या भिंती काढल्या, दालनं मोकळी केली, जिथे पुरावा होता तिथे हरवलेले भाग पुन्हा केले. "सगळं नव्याने केलंय" या तुमच्या मित्राच्या म्हणण्याचं मूळ इथे आहे. माझा निवाडा असा: बाहेरून आणि मांडणीत घर अस्सल, आतल्या सजावटीत सावध राहा.

नवं-जुनं कसं ओळखायचं? दगड हात न लावता, तिरप्या उजेडात बघा. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर. जुन्या घडीव दगडावर टाकीचे घाव असमान असतात, कारण हात थकतो आणि हत्यार झिजतं. कडा किंचित गोलावलेल्या असतात, विशेषतः माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. नव्या दगडाची कड सुरीसारखी, घाव एकसारखे, सांधे बारीक. हा इथला चुनखडीचा दगड मऊ. पाचशे वर्षांत पाऊस त्याच्यावरचं कोरीवकाम पुसट करतो. तेव्हा उघड्या भिंतीवर एखादं फूल कालच कोरल्यासारखं दिसलं तर ते बहुधा कालचंच. लाकडात करवतीच्या खुणा बघा: हाताने तासलेल्या तुळईवर कुऱ्हाडीचे पसरट काप असतात, यंत्राच्या करवतीचे समांतर ओरखडे नसतात. हीच नजर घरी परतल्यावर आपल्या वाड्यांतही चालते. फक्त तिथे काळ्या पाषाणावर सिमेंटने भरलेले सांधे दिसले की मी डोळे मिटून घेतो.

जायच्या आधी एवढं ठरवा. बूर्ज हे लवार नदीवरचं गाव नाही. लवारकाठच्या किल्ल्यांच्या घाईच्या सहलीत ते बसत नाही, मुक्काम करा. २०२८ साठी या शहराची युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवड झाली आहे, तेव्हा त्या वर्षी गर्दी असेल. आधी मागची तटाची बाजू, मग रस्त्याची, मग चौक, आणि आत सगळ्यात शेवटी. वाड्यासमोर १८७९ चा जाकचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. उरलेला वेळ कॅथेड्रलसाठी ठेवा. तिथे जाकने आपल्या घराण्यासाठी बांधून घेतलेल्या कक्षात, देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतो त्या प्रसंगाची रंगीत काचेची खिडकी आहे. ती १४५० च्या आसपासची. जप्तीवाल्यांना ती उचलून नेता आली नाही. उजेड चांगला असेल तेव्हा तिथे असा.